चौधरीकाका खोडत नसत

चौधरीकाकांनी मला कधी खोटारडा म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी रीतसर भांडलो असतो, वर्षभर अबोला धरला असता, मग कुणाच्या तरी मध्यस्थीने समेट झाला असता आणि प्रकरण मिटलं असतं. आपल्या लोकांत भांडणं अशीच मिटतात. त्यांनी भांडायला वावच ठेवला नाही.

ते मूळचे भुसावळचे, रेल्वेतले सर्व्हेअर. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आले आणि मिनेसोटाच्या एका कोपऱ्यातल्या काउंटीत रस्तेखात्याला लागले. काम तेच: साखळी टाकायची, दुर्बिणीतून बघायचं, वहीत लिहायचं. इकडे का आलात, असं कुणी विचारलं तर गंभीर चेहऱ्याने सांगत, "भारतात मीटर आला. मला फुटांची सवय." त्या शेतकरी गावात धान्याच्या कोठारांखालोखाल उंच बांधकाम म्हणजे कॉलेजचं स्टेडियम. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी त्या कॉलेजात गणित शिकवायला आलो, तेव्हा नव्वद मैलांत मराठी घरं दोन. एक त्यांचं. दुसरं माझं, म्हणजे एक गादी, एक टेबललॅम्प आणि पुस्तकांची खोकी.

मी आलो त्याच आठवड्यात ते दारात उभे राहिले. एका हातात शालिनीकाकूंनी दिलेला डबा, दुसऱ्या हातात बर्फात घालायचे बूट. डोक्यावर काकूंनी विणलेली तपकिरी माकडटोपी. सप्टेंबर होता, लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते.

"मास्तर, पायाचा नंबर किती?"

"आठ."

"नऊचे आणलेत. डिसेंबरात दोन-दोन मोजे घालशील तेव्हा बरोबर बसतील. आणि नाडी वरपर्यंत बांधायची. इथे माणसं थंडीने मरत नाहीत, घसरून मरतात."

त्या दिवसापासून मी 'मास्तर' झालो. मला ते नाव आवडत नसे. मी स्वतःला बराच मोठा माणूस समजत असे.

काकांना समजून घ्यायचं तर त्यांची वही समजायला हवी. सर्व्हेअरची फील्डबुक, नारिंगी पुठ्ठ्याची, कोटाच्या खिशात मावणारी. तिच्यात टोकदार, कडक पेन्सिलीने लिहायचं आणि लिहिलेलं खोडायचं नाही. चुकलं तर त्यावर एक सरळ काट मारायची, बरोबर आकडा वर लिहायचा आणि बाजूला आपली आद्याक्षरं घालायची. खालचा चुकलेला आकडाही वाचता आला पाहिजे. कुणीही पुढेमागे वही उघडली तर चूक कुठे झाली, कुणी दुरुस्त केली, सगळं दिसलं पाहिजे. हा सर्व्हेअरांचा जगभरचा नियम आहे. काकांनी तो घरातही लावला होता. त्यांच्या घरी खोडरबर नव्हता. फ्रिजवर लावलेल्या वाणसामानाच्या यादीत 'साखर'वर एक सरळ काट, वर 'गूळ' आणि शेजारी 'के. चौ.' अशी अक्षरं मी स्वतः पाहिली आहेत.

"यादी माझी, सही ह्यांची," काकू म्हणायच्या. "लग्नाच्या पत्रिकेत ह्यांचं नाव चुकलं होतं, तर दोनशे पत्रिकांवर काट मारत बसले होते."

"नवी छापायला सासरे तयार होते," काका म्हणाले. "पण मग जुन्यांचं काय करायचं?"

असा माणूस अमेरिकन फुटबॉलच्या नादी का लागावा, याचं मला नवल वाटे. मला तो खेळ म्हणजे चिलखतं घातलेल्या रेड्यांची टक्कर आणि मध्येमध्ये जाहिराती, एवढाच दिसत होता. त्यातलं एकच समजून घ्यायला हवं. ज्यांच्याकडे चेंडू, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. दहा झाले की नाही अशी शंका आली, की पंच खेळ थांबवतात. मैदानाच्या कडेने दोन माणसं दहा यार्डांची साखळी धावत आणतात, ती चेंडूशेजारी ताणून धरतात, आणि सगळं स्टेडियम श्वास रोखून बघतं.

काका पहिल्यांदा सामन्याला गेले ते मी यायच्या आधी, शेजाऱ्याने फुकट तिकीट दिलं म्हणून. साखळी आली आणि ते जागेवरून उठून उभे राहिले. "मास्तर, मी इतकी वर्षं साखळी ओढली. रणरणत्या उन्हात, काटेरी झुडपांत. कुणी ढुंकून बघितलं नाही. आणि इथे साखळी आली की सात हजार माणसं गप्प होतात. म्हटलं, इथे राहायला हरकत नाही."

मला असली भाबडी वाक्यं ऐकली की चिमटा काढल्याशिवाय राहवत नसे. "पण काका, चेंडू कुठे ठेवायचा ते पंच नुसत्या नजरेने ठरवतो. सहा जण एकमेकांवर पडलेले असतात, खाली कोण कुठे आहे कुणाला ठाऊक. आधी अंदाजाने ठेवायचा आणि मग इंचात मोजायचा. नाटकच की."

"अरे, नजरेनेच ठेवणार. तिथे काय देव येऊन ठेवणार आहे? पण एकदा ठेवला की कुणी हलवत नाही." एवढं बोलून ते पेन्सिलीला ब्लेडने टोक काढायला लागले.

त्या पहिल्या सामन्याच्या पुढच्याच शनिवारी ते वही घेऊन गेले होते. प्रेक्षकांत बसून कोण किती यार्ड धावला हे टिपलं आणि सोमवारच्या वर्तमानपत्राशी ताडून पाहिलं. मग कॉलेजला नम्र पत्र लिहिलं: आपण छापलेल्या आकड्यांत अकरा ठिकाणी फरक आढळतो, सोबत तपशील. कॉलेजचं खेळांच्या प्रसिद्धीचं काम लॅरी नावाचा एक गुबगुबीत, हसरा माणूस बघायचा. त्याने वैतागून त्यांना वर प्रेसच्या खोलीत बोलावलं आणि म्हणाला, एवढं कळतं तर तूच कर. काकांनी नऊ वर्षं ते केलं. बिनपगारी, प्रत्येक शनिवारी. चौधरी हे नाव लॅरीला जमेना, म्हणून तो 'चॉड' म्हणे. छापील कार्यक्रमपत्रिकेत मात्र बँडच्या ड्रमवाल्यांपासून पॉपकॉर्न विकणाऱ्या मंडळापर्यंत सगळ्यांची नावं असत, काकांचं नसे.

मला टायपिंग येतं हे कळल्यावर त्यांनी मलाही वर नेलं. खिडकीशी दुर्बीण घेऊन ते उभे; बाजूला टाइपरायटरवर मी. ते नंबर आणि यार्ड सांगत, वहीत लिहीत, मग पेन्सिल वर उचलून माझ्याकडे बघत.

"लिहिलं?"

"लिहिलं."

मी 'लिहिलं' म्हटल्याशिवाय ती पेन्सिल खाली येत नसे. शेवटी दोन बेरजा होत: एकेका खेळाडूचे यार्ड उभे, संघाचे यार्ड आडवे. दोन्हींचं उत्तर एक आलं की काका म्हणत, "बेरीज बोलली." मगच ते सही करत. नऊ वर्षांत बेरीज न बोलता त्यांनी सही केल्याचं कुणाला आठवत नाही. अपवाद एक. तो त्यांनी माझ्यावर विसंबून केला.

काकांच्या त्या नवव्या वर्षी आमचा संघ अचानक जिंकायला लागला आणि कॉलेजला इतिहासात पहिल्यांदा एका बोलचं आमंत्रण आलं. बोल म्हणजे सीझन संपल्यावर दोन संघांना लांब कुठेतरी उबदार गावात बोलावून खेळवलेला सामना. मोठ्या कॉलेजांचे बोल नववर्षाला होतात आणि सगळा देश बघतो. आमचा डिसेंबरच्या सुरुवातीचा, त्या वर्षीचा अगदी पहिलावहिला, आणि तो बघायला ते गावही पुरतं आलं नव्हतं. सामन्याला एका भाजीचं नाव होतं. कुठल्या ते सांगत नाही. त्या भाजीचा काही दोष नाही.

दक्षिणेतल्या त्या गावी आम्ही दोन दिवस बसने गेलो. स्वागताला व्यापारी मंडळाचे सभासद भाजीच्या रंगाचे कोट घालून उभे होते. भाजीची राणी होती. भाजीच्या वेषातला एक घामाघूम माणूस होता. चार बँड, तीन प्रार्थना, दोन महापौर. आमच्या कॉलेजचे प्रेसिडेंट या सगळ्यांशी अशा गांभीर्याने हस्तांदोलन करत होते, की युद्धाचा तह होतो आहे असं वाटावं. मी मनातल्या मनात हे सगळं टिपत होतो. पुढे कुणाला तरी रंगवून सांगू म्हणून. थट्टा करणाऱ्याला आपण त्यात नाही असं फार सहज वाटतं.

सामन्याच्या सकाळी काका खोलीत नव्हते. मी त्यांना शोधत मैदानावर गेलो, तर ते माकडटोपी घालून, गुडघ्यांवर बसून, पोलादी टेपने मैदान मोजत होते. टेपचं दुसरं टोक धरायला त्यांनी भाजीच्या वेषातल्या माणसाला पकडलं होतं. थोड्या वेळाने यजमान मंडळाचे अध्यक्ष आले. काका उठले, टोपी काढली आणि म्हणाले, "सर, तुमचं दक्षिणेकडचं टोक नऊ इंच कमी आहे."

अध्यक्ष खो खो हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हा तुमच्याबरोबर आहे का?"

"कॉलेजबरोबर आहेत," मी म्हणालो. "माझ्याबरोबर" म्हणालो नाही. दुपारच्या जेवणाला सगळीकडे गोमांस होतं, म्हणून काका स्टीलच्या डब्यातून दशम्या आणि लसणाची चटणी खात बसले. वास सुटला. मला पलीकडच्या टेबलावर एक महत्त्वाचं काम आठवलं.

वहीत त्या सकाळची नोंद होती. मी ती नंतर पाहिली. 'दक्षिण टोक ९ इंच कमी. सांगितलं. हसले.'

आता खेळाबद्दल. आमचा बावीस नंबर हा त्या भागातला हिरो होता. सीझनमध्ये एक हजार यार्ड धावणारा कॉलेजचा पहिला खेळाडू होण्यासाठी त्याला या सामन्यात एकसष्ट यार्ड हवे होते. मोठमोठ्या अधिकृत पुस्तकांत बोलचे आकडे धरतच नसत. आमचं कॉलेज स्वतःच्या भिंतीपुरते धरत असे. म्हणजे मी पुढे जे केलं, ते जिथे मोजलंच जात नव्हतं अशा ठिकाणी केलं.

सामना आम्ही हरत होतो. बावीस नंबरचे एकोणसाठ झाले आणि त्याचा घोटा मुरगळला. तो बर्फाची पिशवी लावून बाकावर बसला. शेवटचं मिनिट राहिलं तेव्हा कोचने चार वर्षं बाकावर बसलेल्यांना आत सोडलं. त्यात डेल होता, एकेचाळीस नंबर. चार वर्षं रोज सराव करून त्याच्या हातात सामन्यात एकदाही चेंडू आला नव्हता. त्याचे वडील रॉय काउंटीत बर्फ काढायचा नांगर चालवायचे. काकांचे जुने सोबती. माझी गाडी दोनदा खड्ड्यातून त्यांनीच ओढून काढली होती. बायकोला घेऊन दोन दिवस गाडी चालवत ते आले होते, मुलगा खेळेल याची काही खात्री नसताना.

शेवटचा डाव. चेंडू डेलला दिला. तो धावला म्हणण्यापेक्षा गर्दीत घुसला आणि तिघांना अंगावर घेऊन पुढे पडला. सामना संपला. पंचांनीही फारसं बघितलं नाही. काकांनी बघितलं.

"एकेचाळीस. दोन यार्ड. लिहिलं?"

"लिहिलं."

दुर्बीण न काढता ते म्हणाले, "रॉय रडतोय बघ." मग घाईघाईने माझ्या पुढ्यातला गोषवाऱ्याचा कोरा फॉर्म ओढला आणि खाली सही केली. "बेरजा तू कर, मास्तर. बस सुटायच्या आत मी रॉयला सांगून येतो. त्याला स्टँडमधून कळलं नसेल किती झाले ते." आणि टोपी सावरत जिना उतरून गेले.

मी बेरीज केली. बोलली. बावीस नंबरचे सीझनचे यार्ड नऊशे अठ्ठ्याण्णव.

लॅरी येऊन माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागला. "दोन यार्ड," तो म्हणाला. "प्रेसिडेंट खाली माझी वाट बघतोय. दोन यार्डांसाठी!" बस, एवढंच. त्याने काही सुचवलं नाही, धमकावलं नाही. माझ्या ग्रीन कार्डाचे कागद तेव्हा प्रेसिडेंटच्या ऑफिसात होते, हे खरं आहे. पण मी त्यामुळे केलं असं म्हणण्याची सवलत मला घेता येत नाही. त्या क्षणी मला कागद आठवलेही नव्हते. लॅरीचा चेहरा पडला होता आणि तो हसावा असं मला वाटलं. गोऱ्या माणसांच्या त्या खोलीत मला कुणीतरी आपलं म्हणावं, एवढंच.

"मला पुन्हा बघू दे," मी म्हणालो.

बावीस नंबरला दोन यार्ड दिले तर बेरीज जमण्यासाठी कुणाचे तरी दोन काढायला हवेत. बाकीचे धावणारे नेहमीचे होते, त्यांच्या आकड्यांकडे लोकांचं लक्ष असतं. म्हणून मी यादीच्या तळाशी गेलो. 'एकेचाळीस: एक धाव, शून्य यार्ड.' टाइप केलं आणि दोन्ही बेरजा पुन्हा जमल्या. काकांची सही आधीच खाली होती. हे सगळं करायला मला एक मिनिटही लागलं नाही. माझ्या पीएचडीच्या प्रबंधात अडलेल्या एका पायरीला चार महिने लागले होते.

लॅरीने पाठीवर थाप मारली. "प्रोफेसर, यू आर ऑल राइट!"

संध्याकाळच्या जेवणात प्रेसिडेंटनी पेल्यावर चमचा वाजवला आणि बरोबर एक हजार यार्ड जाहीर केले. सगळे उभे राहिले. काका माझ्या शेजारी होते. तेही उठले, टाळ्या वाजवल्या, आणि बसल्यावर हळूच म्हणाले, "हजार?"

"बेरीज पुन्हा केली, काका."

"असं. मग माझी चुकली असेल."

परतीच्या बसमध्ये दिवसभर ते वही मांडीवर घेऊन बसले होते. आयोवा आलं तेव्हा वही मिटून त्यांनी खिशात घातली. मला काही विचारलं नाही. मी खिडकीशी पुस्तक उघडून बसलो होतो आणि तासभर पान उलटलं नव्हतं.

जानेवारीत व्यायामशाळेच्या भिंतीवर पितळी पाटी लागली आणि तिच्याखाली, काचेत, तो फॉर्म. रॉयनी वाचला. दुसऱ्या दिवशी कामावर त्यांनी काकांना विचारलं, "चॉड, तू तर येऊन दोन म्हणाला होतास. आम्ही घरी सगळ्यांना फोन करून दोन सांगितलं."

काकांनी मला फोन केला. "लॅरीकडे जायचंय. तूही ये." आवाज नेहमीचाच होता.

लॅरीच्या ऑफिसात आम्ही तिघं. काकांनी कोट काढला नाही. त्याच्या खिशातून वहीची नारिंगी कड दिसत होती.

"लॅरी, डेलचे दोन यार्ड आहेत. फॉर्म दुरुस्त करायला हवा."

"चॉड, फॉर्मवर सही तुझी आहे."

"सही माझी आहे."

"पाटी पितळेची आहे, चॉड." लॅरी हसला. मग खुर्ची वळवून, जणू त्याला खरंच ठाऊक नाही अशा सुरात, त्याने मला विचारलं, "टाइप तू केलंस ना? काय झालं होतं?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. खिडकीपाशी पेन्सिल वर उचलून वाट बघत, तसंच.

मी म्हणालो, "मला जे सांगितलं, ते टाइप केलं."

खोलीत तिघं जण होतो आणि खरं काय ते तिघांनाही ठाऊक होतं. काकांनी खिशाला हात लावला. आता वही निघणार, असं मला वाटलं. पान उघडलं असतं की संपलं होतं. त्या वहीत खोडलेलं काही नसतं हे लॅरीलाही माहीत होतं. त्यांनी वही आत सरकवली आणि खिशाचं बटण लावलं.

"मग माझ्या सांगण्यात चूक झाली असेल," ते म्हणाले. "लॅरी, पुढच्या सीझनला दुसरा माणूस बघ."

जिन्यात आम्ही दोघंच होतो. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ते माझ्या पायांकडे बघत होते.

"मास्तर, नाडी सुटलीय. बूट नीट घाल. बाहेर बर्फ आहे."

मी वाकून नाडी बांधायला लागलो. बांधून वर बघितलं तोवर ते गेले होते.

त्यांनी वही का उघडली नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझे कागद प्रेसिडेंटकडे आहेत हे त्यांना ठाऊक होतं. अर्जाच्या प्रती त्यांनीच काउंटीच्या मशीनवर काढून दिल्या होत्या. त्यासाठी असेल. किंवा मी स्वतः बोलावं, वहीने बोलू नये, असं असेल. मी विचारलं नाही. एप्रिलमध्ये माझं कार्ड आलं तेव्हा काकूंनी जेवायला बोलावून पुरणपोळ्या केल्या. काकांनी दुसरी पोळी आग्रहाने वाढली. काकूंना काही माहीत नव्हतं, त्या म्हणाल्या, "ह्यांनी ते फुटबॉलचं सोडलं ते बरं झालं बाई. आता शनिवारी घरात असतात. नुसते खिडकीशी उभे असतात, पण असतात."

त्याच महिन्यात पेट्रोल पंपावर रॉय भेटले. गाडीची काच पुसत म्हणाले, "चॉडने मला सांगितलं, चूक त्याचीच. बिचारा. डोळे गेले असतील. या वयात होतं. आम्ही त्याला काही बोललो नाही हं." मी मान हलवली. मान हलवण्यासाठी काहीच लागत नाही.

काकांचे डोळे शेवटपर्यंत उत्तम होते. निवृत्तीनंतर ते मुलीकडे न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला गेले आणि तिथेच वारले. मी दरवर्षी त्यांना दिवाळीचं कार्ड पाठवत असे. आत मजकूर छापील असे.

पाटी अजून तिथे आहे. मी आता ईडन प्रेरीत राहतो, निवृत्त आहे, आणि मध्यंतरी कॉलेजचं पत्र आलं की जुन्या विक्रमवीरांचा सत्कार करायचा आहे, आठवणी पाठवा. लेकीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, इट्स टू यार्ड्स. नोबडी केअर्स." तिचं बरोबर आहे. कुणाला पर्वा नाही हे बघूनच मी ते दोन निवडले होते. म्हणून कॉलेजला आठवण पाठवली, तीत खोडाखोड केली नाही. बावीस नंबरच्या हजारावर एक काट, वर नऊशे अठ्ठ्याण्णव. एकेचाळीस नंबरच्या शून्यावर एक काट, वर दोन. बाजूला माझी आद्याक्षरं. उत्तर आलेलं नाही.

काकांना मी शेवटचं भेटलो ते त्यांच्या घरच्या निरोपाच्या जेवणात, पण तिथे ते यजमान होते आणि सगळ्यांशी सारखं वागत होते. मला ते दिसतात ते वेगळ्याच दिवशी. त्या बोलच्या पुढच्या सप्टेंबरात, सीझनचा पहिला सामना. लॅरीने काकांची खुर्ची मला दिली होती आणि पाठीवर 'स्टॅटिस्टिशियन' असं शिवलेलं कॉलेजचं जॅकेटही. नऊ वर्षांत काकांना ते मिळालं नव्हतं. मी दुर्बीण लावून मैदान बघत होतो. शंका आली, खेळ थांबला, दोघं जण साखळी घेऊन धावले.

समोरच्या स्टँडमध्ये एक माणूस उठून उभा राहिला. तपकिरी माकडटोपी, नारिंगी वही. शेजारी रॉय बसले होते. साखळी ताणली गेली, पंचाने हात केला, काकांनी खाली बघून आकडा लिहिला. आणि मग, निव्वळ सवयीने, पेन्सिल वर उचलून त्यांनी आमच्या खिडकीकडे बघितलं.

इतक्या दुरून त्यांना मी दिसणं शक्य नव्हतं. मला मात्र दुर्बिणीतून त्यांचे ओठ हलताना स्पष्ट दिसले. पेन्सिल वरच होती. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मागच्या माणसाने "खाली बसा" म्हणून खांद्याला हात लावला असावा. त्यांनी टोपी सावरली, पेन्सिल खाली घेतली आणि बसले.